चर्चच्या शाळेच्या सल्लागार मंडळावर नाव आलंय? सांगली-मिरजेच्या नव्या सदस्यांसाठी

शाळा सुरू व्हायच्या सुमारास फादर किंवा सिस्टर पत्र देतात: ‘आपली शाळेच्या सल्लागार मंडळावर नेमणूक करण्यात येत आहे.’ पत्र हातात पडलं की माणूस दोनपैकी एक समज करून घेतो. एक तर आपण शाळेचे कारभारी झालो, नाही तर वर्षातून दोनदा चहा-सामोसा खाऊन सही करायची एवढंच काम. दोन्ही समज शाळेला महागात पडतात. कारभारी झालेला सदस्य शिक्षकांच्या डोक्यावर बसतो आणि सामोशावाला सदस्य कशालाच ‘थांबा’ म्हणत नाही.

पहिल्यांदाच अशा मंडळावर बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. त्यात पालक असतील, माजी विद्यार्थी असतील, निवृत्त बँकवाले असतील, मिरजेतले डॉक्टरही असतील. डोळ्यांसमोर पहिली ते पाचवीची, धर्मग्रामाच्या (एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाच्या, म्हणजे पॅरिशच्या) आवारातली शाळा आहे. हायस्कूलची गणितं वेगळी असतात.

पायरी १: शाळा कुणाची, ते आधी विचारा

बाहेरच्यांना सगळ्या ‘कॉन्व्हेंट’ सारख्याच वाटतात. मिरजेत ख्रिस्ती संस्था म्हटलं की लोक वॉन्लेस हॉस्पिटलचं नाव घेतात, पण ते प्रेस्बिटेरियन मिशनचं काम. कॅथलिक शाळांचा कारभार निराळ्या वाटेनं चालतो. सांगली-मिरज भाग पुणे धर्मप्रांतात येतो आणि त्याचे प्रमुख बिशप.

शाळा मुख्यतः दोन तऱ्हेच्या असतात. एक, धर्मप्रांताच्या ट्रस्टची. तिथे बहुधा धर्मग्रामाचे प्रमुख फादर मॅनेजर असतात. दुसरी, सिस्टरांच्या संघाची. तिथे जागा चर्चच्या शेजारी असली तरी शेवटचा शब्द त्या संघाच्या प्रोव्हिन्शियलचा, म्हणजे त्या प्रांतातल्या प्रमुख सिस्टरांचा. तुमचा सल्ला कुणाच्या टेबलावर जाणार हे यावरून ठरतं. सिस्टरांच्या शाळेतली तक्रार फादरांच्या कानावर घालून काम होत नाही, उलट दोघांमध्ये उगाच गाठ बसते.

चर्चचा १९८३ चा कायदासंग्रह याबाबत स्पष्ट आहे. कॅथलिक शाळांवर देखरेख करण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा हक्क बिशपांचा (कलम ८०६). धर्मग्रामाचं पाळकीय मंडळ फक्त सल्ला देऊ शकतं (कलम ५३६). अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असायलाच हवी (कलम ५३७). शाळेच्या मंडळावर बसताना या अर्थसमितीत कोण आहे हे माहीत करून घ्या, कारण शाळेच्या छपराचा खर्च आणि चर्चच्या छपराचा खर्च कधी ना कधी एकमेकांसमोर उभे राहतात.

पायरी २: आपला अधिकार कुठे संपतो

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही ही समिती पाहिली असेल. २०१२ च्या दुरुस्तीनं अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांत तिचं काम केवळ सल्ल्यापुरतं ठेवलं. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं हा कायदा अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागूच होत नाही असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्या निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. त्यामुळे ‘आम्हाला काहीच लागू नाही’ असं छाती ठोकून सांगणाऱ्या सदस्याला जरा आवरा.

संविधानाच्या कलम ३० नं शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. पण चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९५८ मध्येच, केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय.

आता व्यवहारात. शिक्षक नेमणं, काढणं, वर्ग वाटून देणं, कुणाला पास-नापास करणं, यातलं काहीही तुमच्याकडे नाही. फीसुद्धा नाही. विनाअनुदानित शाळेत फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. २०११ च्या राज्याच्या फी नियमन कायद्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत हा संघ स्थापन व्हावा लागतो, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. सल्लागार मंडळानं त्या समितीचं काम स्वतःकडे ओढू नये. मंडळातला एखादा पालक त्या समितीतही असेल तर त्यानं कुठल्या खुर्चीवरून बोलतोय ते बोलण्याआधी सांगावं.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. इमारत, पैशाची शिस्त, मुलांची सुरक्षितता, पटसंख्या, गरीब मुलांची सोय, माजी विद्यार्थी, आणि गावाशी संबंध. फादरांची दर काही वर्षांनी बदली होते, सिस्टरांचीही होते. मंडळातली माणसं गावातच राहतात. पाण्याच्या टाकीचा पाइप कुठून गेलाय, मागच्या कुंपणाचा वाद कुणाशी होता, हे नव्या फादरांना सांगणारं कुणीतरी लागतं. मंडळाचा खरा उपयोग इथे आहे.

पायरी ३: पहिल्या बैठकीआधी कागद मागवा

नम्रपणे, लेखी, प्रिन्सिपलांकडे. मान्यतेचं पत्र, अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र, यू-डायस क्रमांक (सरकारदरबारी शाळेची ओळख), मंडळाची नियमावली (नसेल तर पहिला विषय तोच), मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, मागच्या बैठकांची इतिवृत्तं आणि इयत्तावार पट.

यातला शेवटचा कागद सर्वात आधी वाचा. समजा पाचवीत ८४ मुलं आहेत, चौथीत ७९, तिसरीत ७१, दुसरीत ६६ आणि पहिलीत ५२. शाळा आज भरलेली दिसते, स्नेहसंमेलनाला खुर्च्या कमी पडतात, सगळे खूश. पण हा तक्ता सांगतो की चार वर्षांनी पाचवीचा वर्ग एक तृतीयांशाहून जास्त रिकामा होईल आणि अनुदानित शाळा असेल तर संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक अतिरिक्त ठरतील. कारण शोधायचं तर प्रिन्सिपलांना धारेवर धरून सापडत नाही. अंगणवाडीच्या ताईंना विचारा, रिक्षावाल्या काकांना विचारा. नवी वस्ती कुपवाडच्या बाजूला वाढलीय का? शेजारी सीबीएसईचा बोर्ड लागलाय का? रिक्षाचं भाडंच फीएवढं झालंय का? तीन सदस्यांनी एका आठवड्यात ही माहिती गोळा करून दोन पानांत लिहून दिली, तर भाषणांनी भरलेल्या वर्षभराच्या बैठकांपेक्षा ती जास्त कामाची.

हिशेब वाचता येत नसतील तर लाजू नका. मंडळात एखादा सीए किंवा बँकेतला माणूस असावा तो यासाठीच. नसेल तर फादरांना सुचवा. तसंच एक सिव्हिल इंजिनिअर, एक डॉक्टर किंवा नर्स, आणि विद्यार्थ्यांच्या किमान दोन माता. या शाळांत शिकणारी बहुतेक मुलं हिंदू, मुस्लिम, जैन घरांतली असतात. मंडळ मात्र चर्चच्या पहिल्या दोन बाकांवरून उचललेलं असतं. ते बदलायला सांगणं हा तुमचा पहिला चांगला सल्ला ठरू शकेल.

पायरी ४: बैठक आणि इतिवृत्त

वर्षातून चार बैठका पुरतात: जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. तारखा जुलैतच ठरवा. लग्नसराई आणि लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) टाळा. विषयपत्रिका आठ दिवस आधी हातात हवी. ‘ऐनवेळचे विषय’ या ओळीखाली मोठा खर्च आला तर तो पुढच्या बैठकीवर ढकलायला सांगा, कितीही गोड बोलून मागितला तरी.

इतिवृत्ताबद्दल थोडं सविस्तर, कारण तोंडी सल्ला दिला तर फादर बदलले की तोही गेला. नेहमी असं लिहिलेलं सापडतं: ‘मुलींच्या स्वच्छतागृहाबाबत चर्चा झाली. सर्वांनी समाधान व्यक्त केले.’ याचा उपयोग शून्य. असं लिहा:

‘ठराव ३. मुलींच्या स्वच्छतागृहातील चारपैकी दोन दारांना आतून कडी नाही. मंडळ असा सल्ला देते की दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही दारे बदलावीत. तीन कोटेशने अमुक सदस्य १५ ऑक्टोबरपर्यंत आणतील. व्यवस्थापनाचे उत्तर पुढील बैठकीत वाचले जाईल.’

काय, कधीपर्यंत, कोण, आणि उत्तर कधी. ‘सल्ला देते’ हे शब्द मुद्दाम ठेवायचे, ‘आदेश देते’ नाही. व्यवस्थापन नाही म्हणू शकतं. पण ‘नाही’ही लिहून यावं आणि त्याखाली कारण असावं.

पायरी ५: पैसा

इथे चांगली माणसं अडचणीत येतात, तेही चांगल्या हेतूनं.

शाळेसाठी देणगी गोळा करायची असेल तर ती ट्रस्टच्या खात्यावर, ट्रस्टच्या पावतीवर. सदस्याच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीही नाही, ‘दोन दिवसांत भरतो’ म्हणूनही नाही. ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेला असतो आणि हिशेब धर्मादाय कार्यालयापर्यंत जातात. आयकरात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं चालत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. नंतर तो तुम्हालाच धरतो.

परदेशातले माजी विद्यार्थी हा वेगळा विषय. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवर असलेला मुलगा स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याच वर्गातली, आता अमेरिकेची नागरिक झालेली मैत्रीण पाठवते, ती धरली जाते. तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. अशी देणगी घ्यायला एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. रौप्यमहोत्सवाच्या उत्साहात कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर खाते क्रमांक टाकून दिला की पुढची धावपळ फादरांच्या नशिबी. त्यामुळे ग्रुपवर काही टाकण्याआधी ट्रस्टच्या सीएला फोन.

एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआरचे (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतले) पैसे मागायचे असतील तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आहे का, ते आधी पाहा. नसेल तर सुंदर प्रस्ताव नुसता फाइलला लागून राहतो.

आणि एक साधा नियम, जो मी प्रत्येक मंडळाला सांगतो: सदस्याच्या मेव्हण्याचं कोटेशन आलं, तर तो सदस्य त्या विषयापुरता बाहेर बसेल. मेव्हणा खरंच स्वस्तात करत असेल, तरी.

पायरी ६: पावसाच्या आधी इमारत

एप्रिलच्या बैठकीनंतर सगळ्यांनी मिळून इमारतीभोवती एक फेरी मारा. इंजिनिअर सदस्य पुढे, शिपाई मामा बरोबर. मामांना कुठे गळतं ते इंजिनिअरपेक्षा आधी माहीत असतं. पत्र्याचे हुक, पन्हळीतला पालापाचोळा, गच्चीवरच्या टाकीखालची ओल, मीटरच्या बोर्डाजवळची वायर, जिन्याचा कठडा (पहिलीतल्या मुलाच्या उंचीवरून पाहा, वाका थोडं), आणि आवारातली वाळकी फांदी. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, त्याचा अहवाल कुठे आहे, हेही त्याच दिवशी विचारा.

सांगलीत याच्या पुढे जावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. नदीकडच्या भागातल्या शाळेनं पुराचा कागद आधीच तयार ठेवावा. त्यात फार काही लागत नाही: जनरल रजिस्टर, हजेरीपट, सेवापुस्तकं आणि कॅशबुक तळमजल्यावर ठेवायची नाहीत, जनरल रजिस्टर स्कॅन करून त्याची एक प्रत पुण्याला ट्रस्टकडे, ४० फूट झाले की कॉम्प्युटर आणि पुस्तकं वर कोण नेणार त्यांची नावं आणि फोन, आणि शाळेत पूरग्रस्त राहायला आले तर कुठल्या खोल्या द्यायच्या, कुठल्या कुलूपबंद. जनरल रजिस्टरवर एवढा भर अशासाठी, की चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यासाठी, जन्मतारखेसाठी त्यातलीच ओळ लागते. बाकं पुन्हा करून घेता येतात.

पायरी ७: ॲडमिशनचे फोन

येणारच. नातेवाईक, नगरसेवक, ऑफिसातला साहेब. एकच उत्तर ठरवून ठेवा: ‘फॉर्म भरा, मंडळ प्रवेश बघत नाही.’ चिठ्ठी देऊ नका. प्रवेशासाठी पैसे घेणं १९८७ च्या राज्य कायद्यानं गुन्हा आहे, आणि ‘देणगी’ म्हणून दिलेलं पाकीटही त्यातच मोजलं जाऊ शकतं.

पायरी ८: मुलांची सुरक्षितता

वार्षिक विषयात हे नेहमी शेवटी ढकललेलं असतं. वर आणा. तक्रारपेटी आहे का, ती कोण उघडतं, किल्ली कुणाकडे? रिक्षा-व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात? सुटल्यावर शेवटचं मूल जाईपर्यंत गेटवर कोण थांबतं? बाहेरून येणारे, अगदी मिस्सा द्यायला आलेले पाहुणे फादर किंवा कराटेचे सर असोत, रजिस्टरात सही करतात का?

आणि लैंगिक गैरवर्तनाची गोष्ट कानावर आली तर मंडळानं चौकशी करायची नाही. हे ठळकपणे लक्षात ठेवा. ‘आधी आपापसांत बघू’, ‘शाळेचं नाव जाईल’, ‘फादरांना बिशपांशी बोलू द्या’ यातलं प्रत्येक वाक्य पोक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याच्या विरोधात नेणारं आहे. माहिती असलेल्या कुणीही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहून घ्या. मुलाचं नाव इतिवृत्तात लिहायचं नाही, घरीही बोलायचं नाही.

पायरी ९: प्रार्थना, सण आणि मराठी

एखादे पालक विचारतील, ‘आमच्या मुलाला बायबल शिकवतात का?’ चिडू नका, उत्तर तयार ठेवा. संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो, बाकीच्यांना त्या वेळी मूल्यशिक्षण. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनं २०२४ मध्ये शाळांना दिलेल्या सूचनांत रोज सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणावी आणि सर्व धर्मांचा आदर शिकवावा असं सांगितलंय. तुमच्या शाळेत उद्देशिका म्हणतात का, एकदा परिपाठाला जाऊन ऐका.

याच्या उलट बाजूकडेही लक्ष असू द्या. धर्मग्रामातल्या गरीब घरांची मुलं फी परवडत नाही म्हणून शाळेत येत नसतील, तर शाळा चर्चच्या आवारात असण्याला फारसा अर्थ उरत नाही. त्यांच्या फीसाठी वेगळा निधी ठेवा आणि लाभार्थ्यांची नावं फक्त प्रिन्सिपल आणि अर्थसमितीलाच माहीत असू द्या. वर्गात उभं करून ‘तुझी फी चर्चनं भरली’ हे कुणी कधी बोलता कामा नये.

मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. इंग्रजी माध्यमात ती वेळापत्रकात असते, पण तास बहुतेक वेळा सगळ्यात नव्या बाईंच्या गळ्यात पडतो. विचारत जा.

पायरी १०: सल्ला ऐकला नाही तर

एकदा नाकारला तर कारण वाचा. पुष्कळदा ते बरोबर असतं, तुम्हाला माहीत नसलेली अडचण त्यात असते. दुसऱ्यांदा सुधारून मांडा. मुलांच्या जिवाशी किंवा पैशाच्या अफरातफरीशी संबंध असेल आणि तरी कुणी ऐकत नसेल, तर ठरावाची प्रत धर्मप्रांताच्या शिक्षण विभागाकडे किंवा सिस्टरांच्या प्रोव्हिन्शियलकडे लेखी पाठवा. प्रत फादरांनाही द्या, म्हणजे पाठीमागून गेल्यासारखं होत नाही. गेटवर पालक जमवणं, पत्रकाराला फोन करणं हे मंडळाचं काम नाही. ते करायचंच असेल तर राजीनामा देऊन पालक म्हणून करा.

मुदत साधारण तीन वर्षांची ठेवावी आणि सलग दोनपेक्षा जास्त मुदती कुणाला देऊ नयेत. नियमावलीत हे नसेल तर घालून घ्या. जाताना फाइल घरी ठेवू नका. ठरावांची वही, कोटेशनं, टाकीच्या पाइपचा नकाशा, पुराच्या यादीतले फोन नंबर (निम्मे बदललेले असतील, तपासून घ्या), सगळं नव्या सदस्यासमोर टेबलावर ठेवा आणि पोच घ्या.